अमुकची आई : टपाल तिकिटांवरचे मातृत्व आणि मावळातला एक शिलालेख

लोणावळ्याहून पुण्याकडे येताना वाटेत कार्ल्याचा डोंगर लागतो. त्याच्या पायऱ्या चढणारे बहुतेक लोक एकवीरेच्या दर्शनाला निघालेले असतात. मुंबई-कोकणातले कोळी तिला नुसती देवी म्हणत नाहीत, ‘आई’ म्हणतात. देवळाला लागूनच चैत्यगृह आहे आणि तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, ब्राह्मी लिपीतले प्राकृत दानलेख कोरलेले आहेत. त्यांतला एक लेख फार लहान आहे. गृहस्थ महादेवणक याची आई भायिला हिने दान दिले, एवढाच त्याचा आशय. महादेवणक कोण, भायिला कोणत्या घरची, तिने पैसे कोठून आणले, यांतले काहीही लेखात नाही. पण त्या चार शब्दांत एक गोष्ट पक्की झालेली आहे. ती अमुकची आई आहे आणि तिला स्वतःचे नावही आहे. दगडावर दोन्ही कोरले गेले.

टपाल तिकीट हाही असाच एक लहानसा लेख असतो. दोन-चार चौरस सेंटिमीटर जागा, त्यात देशाचे नाव, किंमत, एक चित्र आणि दोन-तीन शब्द. एवढ्या जागेत कोणाला बसवायचे आणि कोणत्या नावाने बसवायचे, हे ठरवावेच लागते. ‘माता आणि मातृत्व’ हा विषय घेऊन तिकिटे जमवणारे संग्राहक जगभर आहेत. अशा संग्रहांकडे सहसा कौतुकाने पाहिले जाते, कारण विषयच असा की त्यावर टीका कशी करायची? या लेखात मात्र तो संग्रह एखाद्या पुस्तकासारखा वाचायचा आहे. प्रश्न एकच. भारतीय, आणि त्यातही महाराष्ट्राशी संबंधित तिकिटांवर आईला कोणत्या नावाने उभे केले आहे? भायिलेला जे मिळाले, ते या तिकिटांवरच्या आयांना मिळाले का?

एका चित्राची आई

या विषयाच्या संग्रहात बहुधा मानाचे पान मिळवणारे तिकीट अमेरिकेचे आहे. २ मे १९३४ रोजी, मातृदिनाच्या निमित्ताने, ते तीन सेंटांचे जांभळे तिकीट निघाले. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः तिकिटे जमवत. या तिकिटाचा कच्चा आराखडा त्यांनीच काढून दिला होता. चित्रासाठी जेम्स व्हिस्लर या चित्रकाराने १८७१ साली रंगवलेले आपल्या आईचे प्रसिद्ध चित्र घेतले. खुर्चीत बसलेली, बाजूने दिसणारी वृद्ध स्त्री. मूळ चित्राच्या कडा छाटून तिकिटात एका कोपऱ्यात फुलांची कुंडी घातली गेली, आणि अमेरिकेतल्या मातांच्या स्मरणार्थ व सन्मानार्थ अशा आशयाचा मजकूर छापला गेला. कलावंतांच्या संघटनेने चित्राची मोडतोड केली म्हणून तक्रार केली.

ती तक्रार रास्तच होती. पण त्या गदारोळात दुसरी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. चित्रातल्या बाईचे नाव अ‍ॅना व्हिस्लर. ते तिकिटावर कोठेच नाही. मुलाने चित्राला दिलेल्या मुख्य नावातही आई नव्हती. त्याने त्याला करड्या आणि काळ्या रंगांची रचना म्हटले होते. म्हणजे मुलाच्या लेखी ती रंगसंगती झाली आणि टपालखात्याच्या लेखी सगळ्या मातांची प्रतिनिधी. मधल्या मध्ये अ‍ॅना हरवली. मातृत्वाचा गौरव करणाऱ्या तिकिटांची ही पहिली अडचण. गौरव जितका मोठा, तितकी खरी बाई लहान होत जाते.

मुलगा आधी, आई नंतर

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. आपण नावे छापतो. जिजाबाईंचे तीन रुपयांचे तिकीट १९९९ साली निघाले. सावित्रीबाई फुल्यांचे दोन रुपयांचे तिकीट १० मार्च १९९८ रोजी, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, आले. कस्तुरबांचे पंधरा नव्या पैशांचे तिकीट २२ फेब्रुवारी १९६४ रोजी निघाले. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना कस्तुरबा ज्या दिवशी गेल्या, त्याला त्या दिवशी बरोबर वीस वर्षे झाली होती.

ही तिकिटे वहीत प्रसिद्धीच्या क्रमाने लावली, तर काही खटकत नाही. ज्या पुरुषांच्या नावाशी ही नावे जोडली जातात त्यांची तिकिटे शेजारी ठेवली, की मात्र हिशेब दिसू लागतो. गांधीजींची तिकिटे १५ ऑगस्ट १९४८ला आली. कस्तुरबांना त्यानंतर सोळा वर्षे थांबावे लागले. जोतीरावांचे तिकीट २८ नोव्हेंबर १९७७चे. सावित्रीबाई एकवीस वर्षांनी आल्या. शिवाजी महाराजांचे तिकीट १९६१ साली निघाले आणि पुढे १९७४ व १९८० सालीही निघाले. जिजाबाई १९९९ साली आल्या. अंतर अडतीस वर्षांचे. तिघींपैकी सर्वांत जास्त वाट जिने पाहिली ती आई आहे.

यात टपालखात्याचा कोणी मुद्दाम दुजाभाव केला, असे म्हणायचे नाही. स्मारक तिकिटांचा सगळा व्यवहार तारखांवर चालतो. जन्मशताब्दी, पुण्यतिथी, संस्थेचा सुवर्णमहोत्सव अशी निमित्ते लागतात. कोणीतरी प्रस्ताव पाठवावा लागतो. सल्लागार समितीने तो मान्य करावा लागतो. ज्या बायकांची जन्मतारीख घरात कोणी टिपून ठेवली नाही, त्यांना शताब्दीच नसते. ज्यांच्या नावाने संस्था नाही, त्यांचा प्रस्ताव कोण पाठवणार? त्यामुळे आई तिकिटावर येते तेव्हा बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या कीर्तीचा हात धरून येते. ‘अमुकची आई’ हा तिचा प्रवेशाचा परवाना असतो.

ही सवय फक्त टपालखात्याची नाही. मराठी वाचकाला आई म्हटले की जे पुस्तक आठवते, ते साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातल्या आईचे नाव यशोदा. पण पुस्तकाचे नाव ‘श्यामची आई’ आहे, आणि पुस्तक ज्यांना जवळजवळ पाठ आहे त्यांनाही यशोदा हे नाव सांगायला क्षणभर आठवावे लागते. त्याच नाशिकात, पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या मृत्यूनंतर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने भिक्षूंना लेणे दिले आणि मुलाची प्रशस्ती कोरवून घेतली. राजाची आई आणि राजाची आजी म्हणून ती स्वतःची ओळख देते, पण बलश्री हे आपले नावही सोडत नाही. उलट मुलगाच इतिहासात तिच्या नावाने ओळखला जातो. आपली नेहमीची तिकिटे १९२६पासून छापणारा सिक्युरिटी प्रेसही नाशिकलाच आहे, हा योगायोग संग्राहकाने वहीत टिपून ठेवावा असा आहे.

नाव नसलेली आई

संग्राहकांच्या वहीत स्मारक तिकिटांना जो मान असतो, तो रोजच्या वापरातल्या तिकिटांना नसतो. ही तिकिटे आकाराने लहान, एकरंगी, वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापली जाणारी. त्यांचे प्रथम दिवस आवरण कोणी फारसे जपत नाही. पण मातृत्वाच्या विषयात दोन सर्वांत बोलकी तिकिटे याच दुर्लक्षित गटात आहेत.

पहिले पाच पैशांचे, कुटुंबनियोजनाचे. १९६०च्या दशकात सुरू झालेल्या मालिकेत ते आले. त्या मालिकेत आंबे होते, चहा खुडणे होते, भाक्रा धरण होते, तुर्भ्याची अणुभट्टी होती. म्हणजे देशाला ज्यांचा अभिमान होता अशा गोष्टी. त्यांच्या रांगेत छोटे कुटुंब बसवले गेले. इथली आई अमुकची आई नाही. ती एका आकडेवारीतली आई आहे, आणि सरकार तिला मुले कमी हवीत असे सांगते आहे. याच्या उलट टोकाला, सोव्हिएत संघाने जुलै १९४४मध्ये दहा मुले वाढवणाऱ्या स्त्रीसाठी ‘वीरमाता’ हा किताब सुरू केला आणि मातृत्वाच्या त्या पदकांची तिकिटेही काढली. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी. दोन्हीकडे आईला आकडा चिकटलेला.

पण या पाच पैशांच्या तिकिटाची गोष्ट इथे संपत नाही. १९७१ साली पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. खास तिकिटे तयार होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून हाताशी असलेल्या या कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच निर्वासित साहाय्याची अक्षरे छापून ती वापरात आणली गेली. ठिकठिकाणी ही अक्षरे वेगवेगळ्या ठशांनी उमटवली गेली, त्यामुळे संग्राहक आजही त्यांचे प्रकार शोधत असतात. ही सक्ती मार्च १९७३अखेरपर्यंत चालली. ठशांचे प्रकार जरूर शोधावेत, पण त्याहून मोठी गोष्ट नजरेसमोर असते. नियोजित, आटोपशीर कुटुंबाच्या चित्रावर घर सोडून निघालेल्या कुटुंबांचे नाव उमटले आहे. कोणत्याही कलावंताने ठरवून केले नसते असे हे चित्र निव्वळ निकडीतून तयार झाले. मातृत्वाच्या संग्रहात हे तिकीट नसेल, तर तो संग्रह फक्त सणावारांचा राहतो.

दुसरे तिकीट वीस पैशांचे. १९७९पासून शेती आणि ग्रामीण जीवनाची जी मालिका येत गेली, तिच्यात पाटबंधारे, मासे, मका, कापूस वेचणी, विणकाम यांच्याबरोबर बाळाला भरवणारी आई आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली होती. अंगणवाडी आणि पोषण आहार हे शब्द खेड्यांत नवे होते. त्या काळाची छाया या तिकिटावर आहे. इथेही आई निनावी आहे, इथेही सरकार काहीतरी शिकवते आहे. तरीही माझ्या मते आपल्या तिकिटांवरची मातृत्वाची ही सर्वांत खरी नोंद आहे, कारण इथे आई काम करताना दिसते. बाकी सगळीकडे ती पूज्य आहे. इथे ती भरवते आहे. शिवाय तिच्या शेजारी कापूस वेचणारी आणि दुभती जनावरे सांभाळणारी बाई त्याच मालिकेत आहे. मूल भरवणे हेही शेतीइतकेच काम आहे, असे या मालिकेने बोलून न दाखवता मान्य केले.

दोष हाच की तिला नाव नाही. नाव असलेल्या आईला काम नाही आणि काम करणाऱ्या आईला नाव नाही, अशी ही विभागणी आहे.

पोटची आणि मानलेली

या विभागणीला छेद देणारी तिकिटे महाराष्ट्राच्या वाट्याला आली आहेत. सावित्रीबाईंना स्वतःचे मूल नव्हते. जोतीरावांबरोबर त्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. १८९७च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. तिकीट त्याच तारखेला निघाले, हे मोठे औचित्य आहे, कारण ती तारीख नुसती पुण्यतिथी नाही; दुसऱ्याचे मूल उचलण्याची ती तारीख आहे.

पंडिता रमाबाईंचे साठ पैशांचे तिकीट १९८९चे. त्या एका मुलीच्या, मनोरमेच्या, आई होत्या आणि पुणे जिल्ह्यातच केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभारले. रमाबाई रानड्यांचे तिकीट १९६२चे, जन्मशताब्दीचे. त्यांना मूल नव्हते, पण पुण्याच्या सेवासदनातून परिचारिका होऊन बाहेर पडलेल्या मुलींची परंपरा त्यांच्या नावावर आहे. मदर तेरेसांचे तिकीट १९८०चे, त्या हयात असतानाचे. तिथे ‘आई’ हा शब्द नावाचाच भाग आहे. या चार तिकिटांवर आईपण रक्ताने ठरत नाही, केलेल्या कामाने ठरते. आणि चौघींनाही स्वतःचे नाव आहे. कोणाची आई, हा प्रश्न इथे गैरलागू होतो, कारण उत्तर फार लांबलचक होईल.

मराठी भाषा याहून एक पाऊल पुढे जाते. जगातल्या कोणत्याही तिकीट-सूचीत ‘माता’ या सदरात ज्ञानेश्वरांचे नाव सापडणार नाही. पण १९९७ साली निघालेले ज्ञानेश्वरांचे पाच रुपयांचे तिकीट मराठी संग्राहकाने या वहीत घातले, तर त्याला कोणी हसणार नाही. एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या त्या अविवाहित पुरुषाला आपण माउली म्हणतो. विठ्ठलाला विठाई म्हणतो. वारीत अनोळखी माणसाला वाट मागतानाही माउली म्हणूनच हाक मारतो. परक्या सूचीनुसार लावलेला संग्रह इथे अपुरा पडतो. विषय आपल्या भाषेने ठरवला तरच पाने पुरी होतात.

शिक्का आणि पत्ता

संग्राहकाचा एक जुना नियम आहे. तिकीट कोरे हवे, मागचा डिंक शाबूत हवा, शिक्का असलाच तर कोपऱ्यात हलका. बाजारभावासाठी हा नियम ठीक. पण मातृत्वाचा संग्रह करणाऱ्याने तो जरा बाजूला ठेवावा. जिजाबाईंचे कोरे तिकीट कोणत्याही गावचे नसते. वीस पैशांच्या त्या निनावी आईवर लोणावळा, कामशेत, वडगाव किंवा तळेगाव दाभाडे असा गोल शिक्का बसला, की तिला गाव मिळते आणि दिवस मिळतो. ती कोणत्या तरी पत्रावर बसून घाट उतरलेली असते. शिक्का तिकीट रद्द करतो हे खरे, पण निनावी आईच्या बाबतीत तोच तिचा पत्ता होतो.

म्हणून शक्य असेल तिथे तिकीट पाकिटावरून सोडवू नये. पाण्यात भिजवून तिकीट मोकळे केले, की अर्धा पुरावा नाहीसा होतो. मराठी घरांतली जुनी पाकिटे पाहिली, तर एक विसंगती पुन्हा पुन्हा दिसते. आत मजकूर ‘तीर्थरूप आईस’ म्हणून सुरू होतो, आणि बाहेर पत्ता वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावाचा असतो. पोस्टमन ज्या नावाने हाक मारणार ते नाव तिचे नाही. पत्र तिचे, पाकीट दुसऱ्याचे. वर मात्र बाळाला भरवणारी आई चिकटवलेली. मातृत्वावरचे निबंध बाजूला ठेवून नुसती अशी पाच-पंचवीस पाकिटे समोर मांडली, तरी घरात आईला कोठे मान होता आणि कोठे नव्हता, हे समजते.

मोकळी जागा

१२ फेब्रुवारी २०११ रोजी दिल्लीच्या जागतिक तिकीट प्रदर्शनात टपालखात्याने ‘माय स्टॅम्प’ योजना सुरू केली. आपले छायाचित्र द्यायचे, आणि पैसे भरून बारा तिकिटांचे पान मिळायचे. आता कोणाचीही आई तिकिटावर येऊ शकते, असे वाटते. तारीख नको, शताब्दी नको, समिती नको. पण नीट पाहिले तर छायाचित्र मूल्य असलेल्या तिकिटावर नसते. त्याला जोडलेल्या शेजारच्या मोकळ्या चौकटीत असते. फाडून वेगळे केले तर उरलेले तिकीट चालते, छायाचित्र चालत नाही. आई अजूनही शेजारीच आहे, आणि तेही पैसे भरून. योजना हौसेची म्हणून चांगली आहे. सन्मानाची म्हणून अपुरी आहे.

खरी जागा कदाचित तिकिटाबाहेर तयार होत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असेल. हे फार नवे आहे असे वाटत असेल, तर पुन्हा कार्ल्याला जावे. चैत्यगृहासमोरचा सिंहस्तंभ ज्याने दिला, तो महारठी अग्निमित्रणक स्वतःला गोतिपुत्र म्हणवतो. आईकडून आलेले नाव आधी आणि स्वतःचे नाव मागून. दोन हजार वर्षांत मधेच कोठेतरी ही रीत सुटली होती.

मावळातून तिकिटासाठी एखादे नाव सुचवायचे झाले, तर ते तळेगावच्या उमाबाई दाभाड्यांचे असावे. १७३१ साली डभईच्या लढाईत बाजीरावाच्या सैन्याशी लढताना त्यांचा मुलगा त्रिंबकराव मारला गेला. शाहू महाराजांनी सेनापतिपद धाकट्या यशवंतरावाला दिले. तो लहान असल्याने कारभार उमाबाईंनी पाहिला. मुलगा गमावलेली आई म्हणून त्यांच्यावर तिकीट काढणे सोपे आहे. सेनापतिपदाचा भार वाहणारी स्त्री म्हणून काढणे अधिक खरे आहे. प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो. त्यात नाव लिहिताना आधी उमाबाई लिहावे. कोणाची आई, कोणाची पत्नी, हे पुढच्या ओळीत येऊ द्यावे. भायिलेच्या लेखात दोन्हींना जागा पुरली होती. तिकिटावरही पुरेल.